एक लस, दोन नावं: कोविशील्ड घेतलेल्या विद्यार्थिनीचं युरोपातलं प्रमाणपत्र

"काकू, यादीत चारच नावं आहेत आणि त्यांत आपली लस नाही."

२०२१ च्या जूनअखेरीस रात्री साडेदहाला आलेला हा फोन. मुलगी हडपसरची. स्टुटगार्टला एमएससाठी प्रवेश मिळालेला, ऑगस्टच्या शेवटी निघायचं, ऑक्टोबरमध्ये अभ्यासक्रम सुरू होण्याआधी महिनाभर जर्मन भाषेचा वर्ग. कोविशील्डचा पहिला डोस १० जूनला झालेला, दुसरा ८ जुलैला ठरलेला. आणि टीव्हीवर दिवसभर पट्टी फिरत होती, की कोविशील्ड घेतलेल्यांना युरोपात प्रवेश नाही.

मी पुण्यात परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांची कागदपत्रं तपासून देते. त्या दिवसांत असे फोन रोज यायचे. त्यांतलं हे एक प्रकरण तिच्या परवानगीने, तिचं नाव न घेता, पहिल्यापासून मांडते आहे. लसीचं नाव, दोन डोसांमधलं अंतर, जन्मतारीख, पासपोर्टवरचं नाव, प्रमाणपत्राची मुदत, अशा जेवढ्या म्हणून गाठी असू शकतात त्या सगळ्या या एकाच मुलीच्या वाट्याला आल्या.

फोन तिच्या हातातून तिच्या वडिलांनी घेतला. त्यांचं म्हणणं साधं होतं. "ताई, लस आमच्या घराजवळ बनते. जानेवारीत पहिले ट्रक निघाले तेव्हा नारळ फोडताना आम्ही टीव्हीवर बघितलं. ॲस्ट्राझेनेकाचीच लस आहे ना ही? मग ती चालते आणि ही का नाही?"

१२ जानेवारी २०२१ च्या पहाटे सीरम इन्स्टिट्यूटच्या फाटकातून ते तीन ट्रक पूजा करून निघाले होते, ते मलाही आठवत होतं. त्यांच्या प्रश्नाला त्या रात्री माझ्याकडे अर्धंच उत्तर होतं. उरलेलं पुढच्या आठवड्यात कायद्याचा मजकूर वाचून मिळालं.

एका क्रियापदाचा फरक

युरोपियन युनियनचं डिजिटल कोविड प्रमाणपत्र १ जुलै २०२१ पासून लागू झालं. त्यामागची नियमावली क्रमांक २०२१/९५३ ही १४ जूनची. प्रमाणपत्र तीन प्रकारचं: लस घेतल्याचं, चाचणी निगेटिव्ह आल्याचं आणि आजारातून बरं झाल्याचं. हेतू एवढाच, की युनियनच्या एका देशातून दुसऱ्या देशात जाताना प्रत्येक सीमेवर वेगळा कागद आणि वेगळी भाषा आडवी येऊ नये. प्रमाणपत्र नसेल तर प्रवासच करता येणार नाही, असं त्यात कुठेही नव्हतं. भारतातून युरोपात पहिलं पाऊल टाकण्याचे नियम तर वेगळेच होते. ते प्रत्येक देश आपापल्या व्हिसा आणि साथीच्या धोरणाप्रमाणे ठरवत होता. म्हणजे टीव्हीवरच्या पट्टीत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली होती, आणि घराघरांत घबराट पसरली होती.

मुद्दा होता कलम ५ चा. जो देश लस घेतलेल्यांना प्रवासाच्या निर्बंधांतून सूट देतो, त्याने युनियनभर विक्रीचा परवाना असलेल्या लसींचं प्रमाणपत्र स्वीकारलंच पाहिजे. तेव्हा अशा लसी चार होत्या: फायझर-बायोएनटेकची कॉमिर्नाटी, मॉडर्नाची, ॲस्ट्राझेनेकाची व्हॅक्सझेवरिया आणि जॉन्सनची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आपत्कालीन यादीतल्या लसींचं प्रमाणपत्र तो देश स्वीकारू शकतो. 'स्वीकारलंच पाहिजे' आणि 'स्वीकारू शकतो'. हडपसरच्या त्या घरातली झोप या दोन क्रियापदांमध्ये अडकली होती.

कोविशील्ड दुसऱ्या गटात पडली. जागतिक आरोग्य संघटनेने सीरमची लस १५ फेब्रुवारी २०२१ लाच यादीत घेतली होती. युरोपच्या यादीत मात्र ती नव्हती, कारण युरोपियन मेडिसिन्स एजन्सीकडे, म्हणजे ईएमएकडे, त्यासाठी अर्जच आलेला नव्हता. ईएमएची भूमिका अशी की लस हे जैविक उत्पादन आहे. उत्पादनाच्या पद्धतीत बारीक फरक पडला तरी अंतिम लस वेगळी होऊ शकते, त्यामुळे परवाना देताना कारखाना आणि तिथली प्रक्रियाही तपासावी लागते. व्हॅक्सझेवरियाच्या परवान्यात जे कारखाने नोंदले होते त्यांत पुण्याचा नव्हता. सीरमचा ॲस्ट्राझेनेकाशी झालेला करार होता भारतासह कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना डोस पुरवण्याचा. युरोपची बाजारपेठ त्या करारातच नव्हती, मग तिथे अर्ज जाणार कसा?

हे कळल्यावर मला आधी रागच आला होता. पण एका गोष्टीने तो थोडा निवळला. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात हॅलिक्स नावाचा कारखाना ॲस्ट्राझेनेकाची लस बनवत होता. युनियनच्या आतला कारखाना, आणि तो सुद्धा परवान्यात २६ मार्च २०२१ ला जोडला गेला. तोवर तिथली लस युरोपात वापरता येत नव्हती. म्हणजे कारखाना बघण्याचा हा नियम पुण्यासाठी मुद्दाम काढलेला नव्हता. औषधविक्रीच्या कायद्यात तो आधीपासून आहे, आणि असायलाच हवा.

माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. 'ही कुपी आमच्या देशात विकायची का?' हा एक प्रश्न, आणि 'समोर उभ्या असलेल्या माणसाला लशीचं संरक्षण आहे का?' हा दुसरा. युरोपने पहिल्या प्रश्नाचं उत्तर उचलून दुसऱ्या प्रश्नाला चिकटवलं. प्रवाशाला काहीही विकायचं नसतं. लस त्याच्या दंडात कधीच गेलेली असते. तिथे जागतिक आरोग्य संघटनेची यादी हेच योग्य माप होतं, कारण तिथेही कारखान्याची आणि उत्पादनाची तपासणी होतेच. ते माप कायद्यात होतं. फक्त ऐच्छिक ठेवलं होतं. ते बंधनकारक केलं असतं तर आफ्रिकेतल्या देशांनाही दिलासा मिळाला असता. कोव्हॅक्स या गरीब देशांना लस पोचवणाऱ्या जागतिक योजनेतून त्यांना मिळालेले डोस बऱ्याच प्रमाणात पुण्याचेच होते, आणि आफ्रिकन युनियनने जूनच्या शेवटी हीच तक्रार जाहीरपणे केली होती.

मँचेस्टरच्या विमानतळावर

नावामुळे काय घोळ होऊ शकतो हे जुलैमध्ये ब्रिटनमध्ये दिसलं. ब्रिटनने सीरमकडून ॲस्ट्राझेनेकाच्या लसीचे ५० लाख डोस घेतले होते. ब्रिटिश नियामकाने ते तपासून मान्य केले होते. त्यांवर कोविशील्ड हे नाव नव्हतं, ॲस्ट्राझेनेकाचंच होतं. पण लसीच्या नोंदीत बॅच क्रमांक असतो. ४१२०झेड००१, ००२ आणि ००३ या तीन बॅच पुण्याच्या. मँचेस्टरहून माल्टाला सुट्टीवर निघालेल्या एका वयस्क ब्रिटिश जोडप्याला त्या क्रमांकामुळे विमानात चढू दिलं नाही. त्यांना आपली लस कुठे बनली हे ठाऊकही नव्हतं. बातमी गाजली आणि थोड्याच दिवसांत माल्टाने नियम बदलला.

मी ही बातमी त्या मुलीच्या वडिलांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे गोऱ्यांनाही अडवलं." त्यांना त्यात समाधान वाटलं असेल असं मला वाटलं होतं. पण त्यांच्या आवाजात काळजीच जास्त होती; बॅच क्रमांक बघून माणसं परत पाठवणार असतील तर पोरीचं काय, अशी.

देश एकेक करून

भारत सरकारने जूनच्या शेवटी युनियनच्या देशांना कळवलं, की तुम्ही कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन माना, आम्ही तुमचं डिजिटल प्रमाणपत्र मानू आणि तुमच्या प्रवाशांना सक्तीच्या विलगीकरणातून सूट देऊ. १ जुलैपर्यंत जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, ग्रीस, स्पेन, आयर्लंड आणि एस्टोनिया या सदस्य देशांनी, आणि युनियनबाहेरच्या आइसलँड आणि स्वित्झर्लंड यांनी कोविशील्ड मान्य केल्याच्या बातम्या आल्या. जुलैच्या मध्यात फ्रान्स आला. इटली सप्टेंबरच्या अखेरीस.

तिच्यासाठी जर्मनी यादीत आली हे सगळ्यांत महत्त्वाचं. पण युरोपात शिकायला गेलेली मुलगी एका देशात राहत नाही. स्टुटगार्टहून पॅरिसला थेट रेल्वे आहे, तीन-सव्वातीन तासांची. एकाच घरात राहणाऱ्या मुली शनिवार-रविवार धरून निघतात, आणि तिथे एकीच्या फोनवर हिरवं आणि एकीच्या फोनवर लाल दिसलं तर सगळ्यांचाच बेत मोडतो. म्हणून मी तिला सांगितलं, "बाळा, जर्मनीने मानलं म्हणजे सगळ्यांनी मानलं असं धरू नकोस. ज्या देशात पाय ठेवशील त्या देशाच्या सरकारी पानावर निघायच्या दोन दिवस आधी बघ." हाच सल्ला मी त्या वर्षी किमान शंभर वेळा दिला असेल.

अठ्ठावीस दिवस, एक जन्मतारीख आणि वडिलांचं नाव

आता कागदांकडे येऊ, कारण प्रत्यक्ष त्रास तिथेच झाला.

मे २०२१ च्या मध्यात आपल्याकडे कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं गेलं. त्या हिशेबाने तिचा दुसरा डोस सप्टेंबरमध्ये गेला असता, म्हणजे ती निघून गेल्यावर. ७ जूनला केंद्राने शिक्षण, नोकरी आणि टोकियो ऑलिम्पिकसाठी ३१ ऑगस्टपर्यंत परदेशी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस द्यायला परवानगी दिली. प्रवेशाचं पत्र, व्हिसाचे कागद आणि पासपोर्ट दाखवून तिने ८ जुलैला डोस घेतला. व्हॅक्सझेवरियाच्या युरोपीय परवान्यात अंतर ४ ते १२ आठवड्यांचं होतं, त्यामुळे २८ दिवसांवर तिथे कुणाला बोट ठेवता येणार नव्हतं. केंद्राच्या सूचनेत आणखी एक शहाणपणाची गोष्ट होती: प्रमाणपत्रावर पासपोर्टचा क्रमांक असला पाहिजे.

तो तिच्या प्रमाणपत्रावर नव्हता. पहिल्या डोसला तिने आधार कार्ड दाखवलं होतं. आधारवर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर तिचं आणि वडिलांचं नाव मिळून दिलेलं नाव, आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. मराठी घरांत ही अडचण दर दुसऱ्या मुलाची असते. आपल्याला त्यात काहीच वावगं दिसत नाही, कारण तीन शब्द तेच आहेत. पण युरोपच्या प्रमाणपत्रात नाव दोन रकान्यांत जायचं, आणि शेजारी तेच नाव पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत छापतात तसं, मधे '<' ही कोनाची खूण टाकून, पुन्हा लिहिलेलं असायचं. तपासणारा माणूस प्रमाणपत्र आणि ओळखपत्र शेजारी धरायचा. नाव आणि जन्मतारीख जुळली की झालं, नाही जुळली तर थांबा.

कोविनवर, म्हणजे सरकारच्या लस-नोंदणीच्या संकेतस्थळावर, दुरुस्ती एकदाच करता यायची. मी तिला सांगितलं होतं, की घाईने बटण दाबू नकोस, पासपोर्ट समोर उघडून ठेव आणि त्यात आहे तसं अक्षर न् अक्षर टाक. आम्ही दोघींनी ते फोनवर बोलत बोलत केलं. ती एकेक अक्षर म्हणत होती, मी तिने पाठवलेल्या पासपोर्टच्या फोटोवर बोट फिरवत होते. वडिलांच्या नावातला शेवटचा 'ए' आधारवर नव्हता आणि पासपोर्टवर होता. तो तिथेच सापडला.

जन्मतारखेची गाठ मात्र ती जर्मनीत पोचल्यावर सुटली. कोविनच्या प्रमाणपत्रावर सुरुवातीला फक्त वय असायचं. पूर्ण जन्मतारीख छापण्याची सोय सप्टेंबरच्या अखेरीस आली, तीही ब्रिटनने भारतीय प्रमाणपत्रावर शंका घेतल्यानंतर. नवीन प्रमाणपत्र उतरवायचं तर ओटीपी लागायचा, आणि नोंदणी वडिलांच्या मोबाइलवर. त्यांची पहिली पाळी. तिने स्टुटगार्टमध्ये बटण दाबलं तेव्हा त्यांचा फोन कारखान्याच्या लॉकरमध्ये. तीन वेळा मुदत संपली. शेवटी रविवारी दुपारी, इकडे जेवणं उरकल्यावर, तिकडे सकाळी साडेदहाला, जमलं.

औषधाच्या दुकानात

भारतीय प्रमाणपत्रावरही क्यूआर कोड होता. पण युरोपातल्या तपासणीच्या ॲपला तो वाचता येत नव्हता. युरोपच्या कोडवर देणाऱ्या देशाची डिजिटल सही असायची. सगळ्या देशांच्या सह्या ओळखण्याच्या किल्ल्या एका सामायिक यंत्रणेत ठेवलेल्या असायच्या. ती १ जूनला सुरू झाली होती. दुकानाच्या किंवा रेल्वेच्या दारातला फोन एवढंच बघायचा, की ही सही त्या किल्ल्यांपैकी एकीने उघडते का. आपल्या कोविनची किल्ली तिथे नव्हती, त्यामुळे कागद खरा असूनही यंत्राला मुका.

जर्मनीत ही प्रमाणपत्रं औषधाच्या दुकानातूनही मिळत. पासपोर्ट आणि लसीचा मूळ पुरावा दाखवला की दुकानदार ते तयार करून देई. परदेशात लस घेतलेल्यांसाठी मात्र ते करायचं की नाही हा निर्णय बऱ्याच अंशी त्याच्यावर. पहिल्या दुकानात तिला नकार मिळाला. "कोविशील्ड? अशी लस आमच्याकडे नाही." ती रडवेली होऊन बाहेर पडली आणि तिथूनच मला फोन केला. मी तिला जर्मनीच्या पाउल एर्लिश इन्स्टिट्यूटची यादी उघडायला सांगितली. लसींची देखरेख करणारी तिथली ही सरकारी संस्था. तिच्या यादीत व्हॅक्सझेवरियाच्या परवान्याखाली बनलेल्या लसींमध्ये कोविशील्ड स्पष्ट लिहिलेली होती. ते पान छापून, पासपोर्ट आणि जन्मतारीख असलेलं नवं प्रमाणपत्र बरोबर ठेवून ती दुसऱ्या दुकानात गेली. तिथल्या बाईंनी चष्मा वर सरकवून पान वाचलं, पासपोर्टमधलं नाव बोटाने जुळवलं, आणि दहा मिनिटांत कोड हातात दिला.

त्या कोडच्या आत काय असायचं ते बघण्यासारखं आहे. रोग कोणता, लसीचा प्रकार कोणता, बनवणारा कोण, कितवा डोस, एकूण किती, तारीख, देश. आणि लसीच्या नावाच्या रकान्यात युरोपच्या परवान्याचा क्रमांक. व्हॅक्सझेवरियासाठी ईयू/१/२१/१५२९. कॉमिर्नाटीसाठी ईयू/१/२०/१५२८. कोविशील्डला असा क्रमांकच नव्हता, म्हणून तिथे नुसतं 'कोविशील्ड' हे नाव. एखाद्या देशाने हे नाव आपल्या नियमांत घातलं की फोन हिरवा, काढलं की लाल. माणसाच्या अंगातली प्रतिपिंडं तीच.

नोव्हेंबरमध्ये ती आणि तिच्या मैत्रिणी अशा चौघी पॅरिसला जाऊन आल्या. फ्रान्समध्ये तेव्हा संग्रहालयात, कॅफेत सगळीकडे प्रमाणपत्र दाखवावं लागत होतं. तिने मला तिथूनच फोटो पाठवला, हातमोजे घातलेल्या हातातला फोन आणि हिरवा चौकोन. खाली एवढंच लिहिलं होतं: "काकू, झालं."

दोनशे सत्तर दिवस

पण कागदाची मुदत संपायची होती. डिसेंबरमध्ये ठरलं, की १ फेब्रुवारी २०२२ पासून युनियनअंतर्गत प्रवासासाठी मूळ डोसांचं प्रमाणपत्र २७० दिवसच धरलं जाईल. बूस्टर घेतला तर पुढे चालेल. ८ जुलैपासून मोजलं तर तिचे दिवस ४ एप्रिलला संपत होते. जानेवारीत तिने स्टुटगार्टमध्येच बूस्टर घेतला. तो मिळाला कॉमिर्नाटीचा.

नव्या कोडमध्ये 'कोविशील्ड' नव्हतं. युरोपच्या प्रमाणपत्रात एका वेळी एकाच डोसाची नोंद असायची, शेवटच्या. त्यामुळे लसीच्या रकान्यात आता ईयू/१/२०/१५२८ आलं, आणि त्यानंतर कुठल्याही दारात तिला कुणी लसीचं नाव विचारलं नाही. ज्या प्रश्नाने सात महिने तिच्या घराची झोप उडवली होती तो एका सुईने मिटला. उत्तर मात्र कुणी दिलं नाही. ही सगळी व्यवस्था पुढे वर्षभर वाढवून ३० जून २०२३ ला संपली, आणि तिचं तंत्र जागतिक आरोग्य संघटनेने पुढच्याच दिवसापासून आपल्या जाळ्यासाठी घेतलं.

बूस्टरच्या दिवशी तिने कोडचा फोटो घरी पाठवला. वडिलांनी तो मोठा करून बघितला असावा, कारण संध्याकाळी त्यांचा मला फोन आला.

"ताई, यात आपल्या लसीचं नाव कुठे दिसत नाही. आपले दोन डोस मोजलेत ना त्यांनी?"

मी त्यांना डोसाचा रकाना बघायला सांगितलं. तिथे लिहिलं होतं, ३/३.